बोहनीचा आकडा

साकीनाका मागे पडलं आणि माधुरी इंगळेला मोबाईलवरून कळलं, की तिच्या अंगातलं रक्त संपत आलं आहे. मेसेजची भाषा अर्थात एवढी धीट नव्हती. 'माधुरी इंगळे, वय ३९. आपले हिमोग्लोबिन ४.९ आढळले आहे. कृपया विलंब न करता रुग्णालयात जावे,' असं त्यात होतं, आणि खाली ती ज्या संस्थेत नोकरी करते त्याच संस्थेचं नाव होतं. म्हणजे घरचंच बोलावणं. मेट्रोत ती उभी होती, खांद्याला तपासणीच्या सामानाची निळी बॅग, एका हातानं वरची कडी धरलेली. बाईमाणसाच्या रक्तात बारा तरी हवं. चार पॉइंट नऊवाली बाई घाटकोपर स्टेशनचा जिना धड चढत नाही, मध्ये दोनदा बसते, हे त्या डब्यात माधुरीइतकं कुणाला ठाऊक असणार? ती आत्ताच तो जिना तरातरा चढून आली होती. तरी तिनं पहिलं काय केलं, तर कडी सोडून नखं बघितली. गुलाबी होती. मग फोनचा कॅमेरा स्वतःकडे वळवून, डोळ्याखालची कड बोटानं ओढून आतला रंग पाहिला. शेजारची कॉलेजातली मुलगी, बाई सेल्फी काढतायत असं समजून अदबीनं बाजूला सरकली. डोळ्यातला रंगही ठीक होता.

गंमत अशी, की माधुरीनं स्वतःचं बोट कधी टोचलंच नव्हतं. तीन वर्षांत तिनं दहा-अकरा हजार बोटं टोचली असतील. अंधेरीच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी चिकटवणाऱ्या बायकांची, स्टुडिओत दिवे उचलणाऱ्यांची, जुहूला पाणीपुरीची गाडी लावणाऱ्यांची. सगळ्यांना ती सांगायची, मुंगी चावल्यासारखं वाटेल, इकडे बघू नका. आणि आपल्यावर वेळ येऊ नये म्हणून संस्थेच्या वार्षिक तपासणीच्या दिवशी दरवर्षी रजा टाकायची. सुईची भीती वाटते हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. तेव्हा हे रक्त तिचं नव्हतं, यात शंका नव्हती. आणि ते तिच्या नावावर कसं आलं हेही तिला त्याच क्षणी कळलं. ते बोहनीचं होतं.

बोहनीचं असं होतं. शिबिराच्या दिवशी सकाळी टॅबलेट उघडला, की मशीन नीट चालतं की नाही हे पाहायला ॲप एक चाचणी मागायचं. ती केल्याशिवाय पुढचा पडदा उघडत नसे. त्यासाठी एका इवल्याशा बाटलीत औषधाचं पाणी मिळायचं, त्याचा थेंब पट्टीवर टाकायचा, ठरलेला आकडा आला की मशीन बरोबर. ती बाटली पहिल्या महिन्यातच संपली. नवीन मागवली, पुन्हा मागवली, स्मरणपत्र पाठवलं आणि मग अशा मागण्यांचं होतं तेच झालं: सगळे विसरले. मग रांगेतल्या पहिल्या माणसाचं बोट टोचून मशीन सुरू करायची पद्धत पडली. ॲप नाव मागायचं, तर आपलंच टाकायचं, ते त्याला पाठ होतं. याला बोहनी हे नाव दिलं रतनभाऊंनी. ते व्हॅन चालवायचे, त्यांच्या वडिलांची भाजीची गाडी होती. आणि बोहनीचा आकडा धरायचा नाही, हा नियमही आपोआप ठरला. मशीन रात्रभर पडलेलं असतं, पहिली पट्टी इकडंतिकडं दाखवते. मग त्याच माणसाची त्याच्या नावानं परत तपासणी व्हायची आणि तो आकडा खरा. नुकसान कुणाचंच नव्हतं. गेल्या रविवारी ॲपची नवी आवृत्ती आली आणि तिनं प्रत्येक माणसाच्या मागच्या सगळ्या नोंदी गोळा करून एका नावाखाली रचल्या आणि धोक्याचा आकडा दिसला तिथं मेसेज धाडायला सुरुवात केली. माधुरी इंगळे या नावाखाली दोनशे एक्क्याऐंशी नोंदी निघाल्या.

तिनं तो आलेख उघडला. पडद्यावर एक रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. सोमवारी तेरा पॉइंट दोन, मंगळवारी नऊ, बुधवारी सोळा. असं शरीर जगात कुठलंच नसणार. बघता बघता तिला त्या रेघेची ओढच लागली. सोळावर जाणारा हा तो विडी ओढणारा लाइटमन असेल, ज्याला बोट टोचताना घाम फुटला होता. ही साडेनऊ, साडेनऊ, नऊ अशी ओळीनं पडलेली तीन टोकं म्हणजे खोक्यांच्या कारखान्यातले तीन दिवस. त्या बायका डब्यातली भाजी आधी पोरांना देतात आणि आपण लोणच्याबरोबर जेवतात, हे तिनं त्यांच्यात बसून पाहिलं होतं. दोनशे एक्क्याऐंशी माणसं आपल्या नावाखाली राहतात आणि आपल्याला त्यांचा पत्ता नाही, याचं तिला नवल वाटलं आणि थोडं हसूही आलं. तिच्या बाबांची जन्मतारीख एक जून होती. त्यांच्या भावांचीही एक जून, मेहकरकडच्या त्या गावातल्या अर्ध्या लोकांची एक जून, कारण गुरुजींना शाळा सुरू व्हायच्या आत रजिस्टर भरायचं होतं. बाबा रिटायर झाले तेही त्या खोट्या तारखेला. खरी तारीख कधी असेल हो, असं तिनं लहानपणी विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, हिवाळा असणार, आई म्हणायची तू थंडीतला. मग ती कित्येक दिवस बाबांच्या खऱ्या वाढदिवसाचा विचार करत होती. तो दरवर्षी येत असणार आणि कुणाला न कळता निघून जात असणार. लिहिलेल्याच्या आड न लिहिलेलं काय काय बसलेलं असतं, हे शोधायची खोड तिला तेव्हापासूनची. मरोळ नाका आलं. तिला तिथंच उतरायचं होतं, अकरा वाजता एका कारखान्यात शिबिर होतं. पण तिचं बोट चार पॉइंट नऊवर टेकलं होतं आणि ती उतरली नाही.

नऊ जानेवारी, सकाळी आठ चाळीस. ठिकाण वर्सोवा. तिनं त्या दिवसाची यादी काढली. बोहनीनंतरची पहिली नोंद त्याच माणसाची असायला हवी, आकडा थोडा मागंपुढं. पण पहिली नोंद होती आठ अठ्ठावन्नला, पुरुष, वय बावन्न, चौदा पॉइंट सहा. दुसरी एक मुलगी, बारा. सगळी यादी तिनं दोनदा पाहिली. त्रेचाळीस माणसं, सर्वांत कमी आकडा नऊ पॉइंट आठ. म्हणजे बोहनीचं माणूस परत मशीनपुढं आलंच नव्हतं. हसू जिथल्या तिथं मावळलं. मशीन थंड असलं तर बाराचं अकरा दाखवेल, साडेदहा दाखवेल, पाच नाही दाखवणार. हे तिला आज कळत होतं तसं त्या दिवशीही कळत होतं. म्हणजे दीड महिना झाला, कुणीतरी एवढंसं रक्त घेऊन या शहरात हिंडतं आहे, आणि त्याला सोडून निरोप मला आला.

तिनं सौरभला फोन लावला. सौरभ ऑफिसात बसून सगळ्या शिबिरांचा डेटा बघायचा, सव्वीस वर्षांचा, हुशार, बोलायला गोड. त्याला मेसेजचं आधीच कळलं होतं. सात टेक्निशियन, सातही जणांना असले मेसेज गेले होते, एकाला तर तुम्ही गरोदर असू शकता असा. बोहनीबद्दल त्यानं काही विचारलं नाही, त्याअर्थी त्याला ते बऱ्याच दिवसांपासून माहीत असावं. घाबरू नका, तुम्ही ठणठणीत आहात ना, मग प्रॉब्लेमच नाही, दुपारपर्यंत सगळ्या टेस्ट एंट्रीज उडवून टाकतो, असं तो म्हणाला.

"पण ते कुणाचं तरी आहे ना रे, सौरभ."

"कुणाचं?"

त्यानं हे खवचटपणे विचारलं नव्हतं. त्याला खरंच नाव हवं होतं, नाव मिळालं तर तो नोंद त्या नावावर टाकून द्यायला तयार होता. माधुरीकडे नाव नव्हतं. ताई, नाव नसेल तर मी काय करू, असं तो समजुतीनं म्हणाला आणि कारखान्याच्या शिबिराला उशीर करू नका म्हणाला. तिनं हो म्हटलं. रतनभाऊंना फोन केला तर ते कारखान्याच्या दारात व्हॅन लावून चहा पीत होते. त्यांना कालची भाजी आठवत नव्हती, जानेवारीतलं बोट कुठलं आठवायला. तासभर सांभाळून घ्या, एवढं त्यांना सांगून तिनं फोन ठेवला.

तोवर अंधेरी गेलं होतं. तिनं डोळे मिटले आणि ती बोटं आठवू लागली. चेहरे तिच्या लक्षात राहत नसत, कारण टोचताना तोंडाकडे बघायचंच नाही ही तिची सवय. माणसाचं तोंड वाकडं झालेलं दिसलं की हात कापतो. पण बोटं मात्र राहत. पुठ्ठ्यानं चिरलेली, खळीनं कडक झालेली, तेलकट, एकावर मेंदी आणि त्याखाली भाजल्याचा डाग. एक बोट होतं, ज्याला सुई लावायच्या आधीच ते तिच्या हातात नाडीसारखं उडत होतं. त्यातून वर्सोव्याचं बोट वेगळं काढायचं, म्हणजे डबाभर बटणांतून एक शोधायचं. कोळीवाड्याच्या हॉलबाहेर टेबल टाकलं होतं, वाळत्या बोंबलांचा वास होता, ऊन कोवळं होतं, रांग लागलीच नव्हती, हे आठवलं. रांग नव्हती. मग बोट कुणाचं? आणि मग ते आलं. आधी गारवा आला, हातात बर्फाचा खडा ठेवल्यासारखा. सुरकुतलेलं, पांढरंफटक बोट. स्पिरिटचा बोळा फिरवला तेव्हा ते तिनं दोन्ही तळव्यांत धरून चोळलं होतं. बर्फात हात घालणारी बाई, बोट पांढरं असणारच, असं तेव्हा मनात आलं होतं, अगदी याच शब्दांत आलं होतं. थेंब येईना, दाबून काढावा लागला. आला तो लाल म्हणावा असा नव्हताच, भांडं विसळलेल्या पाण्यात कुंकू पडावं तसा होता.

आता सगळं आलं. ती बाई तपासणीला आलीच नव्हती. डोक्यावर टोपली घेऊन ती हॉलवरून बाजाराकडे चालली होती आणि पाच पावलांवर थांबून श्वास घेत होती. रतनभाऊंनी हाक मारली, मावशी, रक्त तपासून जा, फुकट आहे. ती म्हणाली होती, "नाय रे बाबा, मना काय झायला नाय. माझा नाव लिवू नको." मग माधुरीच म्हणाली, नाव नाही लिहीत मावशी, नुसती बोहनी करून द्या. आणि त्या एका शब्दासरशी बाईनं टोपली खाली ठेवली. बोहनीला नाही म्हणायचं नसतं, सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला आपणही तसं सोडत नाही, असं काहीतरी बोलत हसत हसत हात पुढं केला. रक्त दिलं, टोपली उचलली आणि गेली. आकडा आला तेव्हा तिची पाठ दिसत होती. माधुरीनं आकडा पाहिला होता. रतनभाऊंना दाखवून ती म्हणाली होती, "आज मशीन फारच गारठलंय." दोघंही हसले होते. मेट्रोत, ऐन गर्दीत, ते हसू तिला पुन्हा स्वच्छ ऐकू आलं आणि लाजेनं तिचे कान तापले. चूक मशीनची नव्हती, बाटलीची नव्हती, ॲपचीही नव्हती. हाक मारली तर पाठ वळेल एवढ्या अंतरावर ती बाई होती आणि आपण हाक मारली नाही.

वर्सोव्याच्या बाजारात मंगळवारची सुस्ती होती. गिऱ्हाईक तुरळक, बायका पाट्यांवर टेकून गप्पा मारत होत्या. ज्या बाईचं नाव लिहिलं नाही, चेहरा पाहिला नाही, तिला शोधायचं कसं? माधुरी दोन रांगांमधून हात बघत हिंडली. सगळेच हात गार, सगळेच ओले, सगळेच पांढरे. काय देऊ, पापलेट बघ, सुरमई बघ, अशा हाका आल्या. आपण उशीर केला असेल, ती बाई आता बाजारात येतच नसेल, किंवा आणखी काही, हा विचार आला तसा तिनं तो परतवला, तो पुन्हा आला. नऊ जानेवारीनंतर आपण दोनदा वर्सोव्याला शिबिर घेऊन गेलो होतो, तेव्हा बोहनी कुणाकडून केली हे काही तिला आठवेना.

शेवटच्या ओट्याजवळ एक बाई उलट्या क्रेटवर भिंतीला पाठ लावून बसली होती. पुढं थोडी मांदेली, थोडी कोळंबी. शेजारी गोणपाटाखाली बर्फाची लादी. माधुरी बघत असतानाच तिनं गोणपाट बाजूला केलं, लादीचा एक टवका काढला आणि लहान मूल खडीसाखर खातं तसा तोंडात टाकून कडाकडा चावला. मग दुसरा. माधुरीचे पाय थांबले. प्रशिक्षणात त्यांना शिकवलं होतं, रक्त फार कमी झालं की माणसं माती खातात, खडू खातात, कच्चे तांदूळ खातात, आणि काही जण बर्फ. तिनं ते वहीत लिहून घेतलं होतं आणि परीक्षेत त्याला एक मार्क मिळाला होता. तिनं बाईच्या तोंडाकडे पाहिलं, या वेळी नीट पाहिलं. पन्नाशीची असेल. रंग सावळा, पण त्याखाली पिवळट. कपाळावर गोंदण. डोळ्यांखाली सूज. पायातले पैंजणही सुजेत रुतलेले.

मावशी, जानेवारीत तुम्ही आमच्या टेबलावर बोहनी केली होती ना, तिनं विचारलं. बाईला लगेच आठवलं. झाला का मग धंदा त्या दिवशी, असं तिनंच उलट विचारलं. माधुरी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. आकडा सांगितला, असायला किती हवा तो सांगितला. थकवा येतो का, धाप लागते का, छाती धडधडते का विचारलं. बाई सगळ्याला हो म्हणाली, जसं काही कुणी गावाकडची खबर विचारत होतं. वयाचं हाय, म्हणाली. येत्या पंधरवड्यात मुलीची हळद होती, लग्न होतं. हॉस्पिटलात गेलं की ते ठेवून घेतात, तिच्या जावेला ठेवून घेतलं होतं. लग्न आटपलं की बघू. माधुरीनं बॅग उघडून मशीन काढलं, निदान पुन्हा एकदा बघू म्हणाली. बाईनं हात पदराखाली घेतला.

"एकदा दिला ना? तो तुना दिला. बोनीचा परत नाय घेत कोन."

तिच्या आवाजात राग नव्हता, व्यवहार होता. शेजारच्या बायका ऐकत होत्या आणि त्यांनाही ते बरोबर वाटलं असावं. माधुरीनं मशीन परत बॅगेत ठेवलं. तिला एकदम रडू येईल असं वाटलं. बाबापुता करून बोलवता येईल, घाबरवता येईल, पंधरा दिवसांत काहीही होऊ शकतं असं सांगता येईल. ते खरंही होतं, पण मुलीच्या हळदीच्या तोंडावर ते बोलायला तिची जीभ रेटेना. दुपारी सौरभ ती नोंद उडवणार होता. मग हे रक्त कुणाचंच राहणार नव्हतं. आत्ता, अजून तासदोन तास, ते तिच्या नावावर होतं. तिनं फोन काढला, मेसेज उघडला आणि बाईपुढे धरला.

"ठीक आहे मावशी. तुमचं नाही, माझं आहे. बघा, नाव माझंच लिहिलंय. लगेच हॉस्पिटलात जा म्हणतायत. मी आत्ता निघालेय, पण मला सुईची फार भीती वाटते. एकटीनं जायला होत नाही."

बाईला वाचता येत होतं की नाही, कळलं नाही. ती मेसेजकडे कमी आणि माधुरीकडे जास्त बघत होती. आता ती हसेल, ही शहाणी मला बनवते काय म्हणेल, असं माधुरीला वाटलं. पण भीतीचं तेवढं खरं होतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसलं असणार. बाईनं उरलेला बर्फ थुंकला. मांदेली शेजारणीच्या पाटीत ओतली, कोळंबी तिच्याकडे सरकवली, गोणपाट लादीवर नीट दाबलं.

"चल," ती म्हणाली. "घरात कोन नाय काय तुझ्या, अशी एकटी पाठवतात?"

बाजाराच्या तोंडापर्यंत जायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. बाईनं माधुरीचा दंड धरला होता, सांभाळून, आजारी माणसाचा धरतात तसा. दर आठदहा पावलांवर ती थांबायची, भिंतीला हात लावायची आणि म्हणायची, थांब जरा, तू दमली असशील. माधुरी थांबत होती. रिक्षात बाईनं तिला आतल्या बाजूला बसवलं. वाटेत मुलीचं, जावयाचं, मांडवाचं बोलली, मधूनच डोळे मिटून गप्प झाली, तेव्हा माधुरीनं तिच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी धावत होती. कारखान्यातून रतनभाऊंचे दोन फोन येऊन गेले, एक सौरभचा. तिनं उचलले नाहीत. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं तिला वाटलं, आणि वाटलं ते तेवढ्यापुरतंच.

महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीपुढे रांग होती. बाई रांगेत पुढं उभी राहिली, माधुरीला तिनं बाकावर बसायला सांगितलं होतं, पण ती बसली नाही. नंबर आला तसं खिडकीतल्या माणसानं मान वर न करता पेशंट कोण म्हणून विचारलं. बाईनं मागं वळून माधुरीकडे बोट केलं. म्हणाली, हिच्यात रगत नाय, लवकर बघा. खिडकीतल्या माणसानं दोघींकडे पाहिलं, पहिल्यांदा माधुरीकडे, मग बाईकडे, आणि त्याची नजर बाईच्या तोंडावरच थांबली. त्यानं पेन उचललं. नाव सांगा, म्हणाला.

माधुरीनं तोंड उघडलं. तीन वर्षं दर शिबिराच्या सकाळी या प्रश्नाला ती जे उत्तर देत आली होती, ते ओठांवर आलेलंच होतं. ते तिनं गिळलं. मग ती बाईच्या समोर जाऊन उभी राहिली, तिचे दोन्ही गार हात हातात घेतले आणि इतक्या उशिरा का होईना, विचारलं.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव काय?"

आपल्याला इथवर कसं आणलं ते बाईला आता कळलं होतं, किंवा बाजारातच कळलं होतं. मागचे लोक घाई करायला लागले. बाईचे पाय हलले, पण ती निघून गेली नाही. खिडकीच्या कट्ट्याला टेकली, दोन श्वास घेतले.

"सोनूबाई," ती म्हणाली. "सोनूबाई हरेश्वर तांडेल."

माधुरीनं ते तिच्याकडून आणखी एकदा म्हणवून घेतलं आणि मग खिडकीत सांगितलं.